एका देहांत दोन विद्युद्यंत्रें

गेल्या चैत्रांत आमच्या घरीं जो प्रश्न उभा राहिला, तो आतां इतरही घरांत उभा राहूं लागला असेल असें वाटून या महिन्याचें हें सदर आम्हीं त्यासाठींच राखून ठेविलें आहे. माणसांचें आयुर्मान वाढलें. त्याबरोबर एकाच माणसाला दोन-दोन जुनाट दुखण्यांनीं गांठावें, आणि त्या दोहोंवरही विजेचीं यंत्रें शरीरांत बसविण्याची वेळ यावी, हा प्रसंग पूर्वीइतका दुर्मिळ राहिलेला नाहीं. एक यंत्र हृदयाचें, दुसरें मेंदूचें किंवा मज्जातंतूंचें. तीं दोन एकत्र सुखानें नांदतील काय, याचा विचार घरांतील सर्वांना समजेल अशा भाषेंत येथें करावयाचा आहे.

आमचे थोरले बंधु अण्णा सांगलीस असतात, आम्ही साताऱ्यास. अण्णांचें वय ७६. सहा वर्षांपूर्वीं त्यांना एकाएकीं घेरी येऊं लागली. नाडी मिनिटाला ३५ पर्यंत उतरलेली आढळली. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत जाणारा विजेचा निरोप वाटेंतच अडतो, असें निदान झालें आणि डाव्या छातींत कातडीखालीं पेसमेकर बसविण्यांत आला. घेरी गेली. अण्णा पुन्हा पहांटे कृष्णेच्या घाटापर्यंत फिरावयास जाऊं लागले. परंतु त्यापूर्वींच सुरू झालेला उजव्या हाताचा कंप पुढें वाढत गेला. तो कंपवात होय. औषधांनीं कांहीं वर्षें चांगलें काम दिलें. मग त्यांचा असर लवकर ओसरूं लागला. सकाळच्या संध्येला आचमनाची पळी ओठांपर्यंत पोंचेना. पाणी उपरण्यावर सांडे. वहिनी जवळ बसून वरणभात भरवूं लागल्या. ज्या हातानें शाळेंत तीस वर्षें कंपासावांचून फळ्यावर बिनचूक वर्तुळें काढलीं, त्या हाताला सही करवेना. अण्णा बोलत कांहीं नसत. पण पाहुणे आले म्हणजे जेवावयास पानावर बसत नाहींसे झाले, यावरून आम्हीं काय तें ओळखलें.

तज्ज्ञ डॉक्टरांनीं मेंदूंत बारीक तारा घालून विजेचे सूक्ष्म ठोके देण्याचा उपाय सुचविला. घरांत खल झाला. पुतण्या पुण्याहून आला. तो म्हणे, अवश्य करावें. आमच्या आक्कांनीं मात्र एकाच वाक्यांत विषय संपविला. त्या म्हणाल्या, "अरे, एका म्यानांत दोन तलवारी राहिल्याचें कोणी पाहिलें आहे का? एक यंत्र त्याला जगवतें आहे. दुसऱ्यानें त्यालाच बंद पाडलें तर?"

आक्का इंग्रजी पांचवीपर्यंत शिकलेल्या. पण त्यांनीं विचारलेला प्रश्न अगदीं शास्त्रशुद्ध होता. तोच आम्हीं पुढें तीन डॉक्टरांना विचारला, पुष्कळ वाचलें, आणि जें कळलें तें असें.

या दोन यंत्रांचें कूळ एकच आहे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. १९५७ च्या ऑक्टोबरअखेर अमेरिकेंतील मिनीआपोलिस शहरांत वीज गेली. तेथील विद्यापीठांत डॉ. लिलेहाय हे लहान मुलांच्या हृदयांवर शस्त्रक्रिया करीत, आणि भिंतींतल्या विजेवर चालणाऱ्या यंत्रानें त्यांचे ठोके कांहीं दिवस चालूं ठेवीत. वीज गेल्यावर अशा मुलाचें काय होईल, हें सांगावयास नको. लिलेहाय यांनीं अर्ल बॅकन नांवाच्या यंत्रज्ञाला बॅटरीवर चालणारें यंत्र करण्यास सांगितलें, आणि थोड्याच आठवड्यांत त्यानें तें करून दिलें. पुढच्याच वर्षीं, ८ ऑक्टोबर १९५८ रोजीं, स्वीडनमधील कारोलिन्स्का रुग्णालयांत डॉ. सेनिंग यांनीं, एल्मक्विस्ट या अभियंत्यानें रचलेलें यंत्र आर्ने लार्सन नांवाच्या रुग्णाच्या शरीरांत बसविलें. सबंध यंत्र शरीराच्या आंत, असा हा पहिलाच प्रसंग. लार्सनची पत्नी हट्टानें डॉक्टरांच्या पाठीस लागली नसती, तर तो त्या दिवशीं घडता ना. पहिलें यंत्र कांहीं तासच चाललें. पण लार्सन मात्र वीसांहून अधिक यंत्रें बदलीत पुढें ४३ वर्षें जगला, आणि २००१ सालीं, ८६ वर्षांचा होऊन, निराळ्याच रोगानें वारला.

हृदयाच्या यंत्राची ही विद्या हातीं आल्यावर तीच मज्जातंतूंकडे वळली. १९६५ सालीं मेल्झॅक व वॉल या दोघांनीं अशी उपपत्ति मांडली कीं, पाठीच्या कण्यांत वेदनेच्या वाटेवर जणूं एक दार असतें, आणि दुसऱ्या संवेदनांच्या योगानें तें लोटून घेतां येतें. तिच्या आधारें १९६७ सालीं डॉ. शीली यांनीं कर्करोगाच्या वेदनांनीं त्रासलेल्या एका रुग्णाच्या पाठकण्यापाशीं विजेची तार बसविली. १९८७ सालीं फ्रान्समध्यें ग्रनोब्ल येथें डॉ. बेनाबीद यांना असें आढळलें कीं, मेंदूच्या विशिष्ट भागाला सेकंदाला शंभराच्या वर ठोके दिले असतां हाताचा कंप थांबतो. १९९७ सालीं अपस्माराकरितां मानेंतील एका मोठ्या मज्जातंतूवर बसवावयाच्या यंत्राला अमेरिकेंत संमति मिळाली. घडण सर्वांची सारखीच: कातडीखालीं बॅटरीची एक चपटी डबी, आणि तिच्यापासून निघून हव्या त्या जागीं जाणारी तार. तेव्हां हीं यंत्रें भाऊबंद आहेत. आणि भाऊबंद एका घरांत राहूं लागले म्हणजे जें होतें, त्याचीच भीति येथें आहे.

ती भीति नेमकी कोणती? पुष्कळांची अशी समजूत असते कीं, पेसमेकर म्हणजे घड्याळाप्रमाणें सारखे ठोके देत राहणारें यंत्र. प्रारंभीं तें तसेंच होतें. आजचा पेसमेकर मात्र आधीं ऐकतो आणि मग बोलतो. हृदयानें आपण होऊन ठोका दिला, तर हा गप्प बसतो. ठराविक वेळांत तो आला नाहीं, तरच स्वतः देतो. त्यामुळें बॅटरी वांचते आणि हृदयाच्या स्वाभाविक चालींत लुडबूड होत नाहीं. पण ऐकण्याच्या या गुणांतच दोषाचें बीज आहे. हृदयाचा जो सूर त्याला ऐकावयाचा असतो, तो कांहीं सहस्रांश व्होल्ट इतका मंद असतो; आणि मज्जातंतूंचें यंत्र ठोके देतें ते कांहीं व्होल्टांचे. त्यांचा प्रतिध्वनि छातीपर्यंत पोंचला आणि पेसमेकरनें तो हृदयाचाच ठोका समजला, तर हृदय चाललें आहे अशा समजुतीनें तो गप्प बसेल. ज्याचें स्वतःचें हृदय अधूनमधून तरी चालतें त्याचें यांत फारसें बिघडत नाहीं. पण जो सर्वस्वीं यंत्रावरच अवलंबून आहे, त्याला कांहीं सेकंदांत घेरी येईल, आणि तें थांबलें नाहीं तर प्राणावर बेतेल. आक्कांची तलवार ती हीच.

दुसरी भीति ज्यांच्या छातींत झटका देणारें यंत्र असतें त्यांची. हृदयाची लय बिघडून तें नुसतें थरथरूं लागलें, म्हणजे हें यंत्र जोराचा झटका देऊन लय पूर्ववत् करतें. मज्जातंतूंच्या यंत्राचे झरझर पडणारे ठोके त्याला त्या थरथरीसारखे भासले, तर तें नको असतां झटका देईल. उलट, खरोखरीच झटका द्यावा लागला, तर त्याच्या तडाख्यानें मेंदूचें यंत्र बंद पडण्याचा किंवा त्याची मांडणी बदलण्याचा संभव असतो.

आतां उपाय. मिरजेच्या तंबोऱ्यांचें नांव सर्वत्र आहे. एका दालनांत दोन तंबोरे लावावयाचे तर जाणता माणूस ते वेगवेगळे लावून थांबत नाहीं. दोन्ही एकत्र छेडून कान देऊन ऐकतो. या यंत्रांच्या बाबतींतही शहाणपण तेंच आहे.

पहिली गोष्ट, तारांची. विजेचा प्रवाह तारेच्या टोंकापासून थेट छातींतल्या डबीपर्यंत वाहूं दिला, तर त्याचें क्षेत्र अर्ध्या शरीरावर पसरतें. तोच तारेच्या टोंकावरील जवळजवळच्या दोन बिंदूंमध्यें वाहविला, तर तो तेथल्या तेथेंच राहतो. पेसमेकरच्या ऐकण्याचेंही तसेंच: दोन जवळच्या बिंदूंमधून ऐकणारा पेसमेकर दूरचा गलका फारसा मनावर घेत नाहीं. म्हणून दोन्ही यंत्रें शक्यतों या द्विबिंदु पद्धतीवर ठेवतात.

दुसरी गोष्ट, अंतराची. पेसमेकर बहुधा डाव्या छातींत असतो. म्हणून दुसरी डबी उजव्या बाजूस, किंवा पाठकण्याचें यंत्र असेल तर पोटाच्या वा कमरेच्या बाजूस बसवितात, आणि दोन डब्यांत वीतभर तरी अंतर ठेवितात.

तिसरी गोष्ट, परीक्षेची; आणि आमच्या मतें हीच सर्वांत महत्त्वाची. शस्त्रक्रियेनंतर दोन्ही यंत्रें चालूं करून, मज्जातंतूंच्या यंत्राचा जोर नेहमीपेक्षां अधिक वाढवून, त्या वेळीं पेसमेकर काय ऐकतो तें त्याच्या तज्ज्ञानें समोर बसून पाहिलें पाहिजे. ही परीक्षा एकदां झाली म्हणजे संपली असें नव्हे. कोणत्याही एका यंत्राची मांडणी बदलली, बॅटरी बदलली, कीं ती पुन्हा करावयाची. येथेंच घोटाळा होण्याचा संभव असतो. कारण हृदयाचा डॉक्टर एका गांवीं, मेंदूचा दुसऱ्या गांवीं, आणि एकानें केलेला बदल दुसऱ्याला कळविणारें घरच्या माणसांवांचून कोणी नसतें.

इतकी काळजी घेतली असतां दोन्ही यंत्रें एका शरीरांत व्यवस्थित चालूं शकतात, असाच देशोदेशींच्या वैद्यांनीं प्रसिद्ध केलेल्या अनुभवांचा कल आहे. आजच्या पेसमेकरांत आणखी एक सोय असते. बाहेरचा गोंगाट सतत ऐकूं येऊं लागला तर तो ऐकणें सोडून ठराविक गतीनें ठोके देऊं लागतो. म्हणजे चूक झालीच तर ती बहुधा जीव वांचविण्याच्या बाजूनें व्हावी, अशी त्याची रचना आहे. तथापि ही हमी नव्हे. प्रत्येक रुग्णाचा विचार निराळा करावा लागतो, आणि ज्याचें हृदय केवळ यंत्रावरच चालतें त्याच्या बाबतींत डॉक्टर अधिक सावध राहतात, तें योग्यच आहे.

अण्णांच्या डॉक्टरांनीं हें सर्व समजावून दिलें. अण्णांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, "डॉक्टर, माझ्या हातांत पळी राहील का?" डॉक्टर म्हणाले, "कंप पुष्कळ कमी होईल अशी आशा आहे. दुखणें मात्र मुळापासून जाणार नाहीं. तोल आणि बोलणें यांत फारसा फरक पडेल असें मी सांगत नाहीं. आणि मेंदूची शस्त्रक्रिया म्हटली कीं रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांचा धोका थोडा कां होईना, असतोच." आम्हांला हें स्पष्ट बोलणें आवडलें. अण्णा म्हणाले, "मग करूं या." आक्कांनीं देवापुढें निरांजन लावलें, पण पुन्हा विरोध केला नाहीं.

शस्त्रक्रिया ज्येष्ठांत मुंबईस झाली. मेंदूंतली जागा नेमकी ठरविण्यास एमआरआय लागतो, आणि त्याचें चुंबक फार प्रबळ असतें. अण्णांचा पेसमेकर सुदैवानें एमआरआयला चालणाऱ्या जातीचा होता. असे पेसमेकर अमेरिकेंत २०११ सालापासून संमत झालेले आहेत. तरीसुद्धां त्याची मांडणी आधीं बदलून आणि तज्ज्ञ समोर बसवूनच तें काम केलें. तारा कानामागून, मानेच्या उजव्या बाजूनें उतरवून उजव्या छातींतल्या डबीला जोडल्या. पुढें यंत्र चालूं करण्याच्या दिवशीं दोन्ही यंत्रांचे जाणकार अण्णांच्या दोन बाजूंस बसले. एक जोर वाढवी, दुसरा पडद्यावर हृदयाचे ठोके पाही. पाऊण तास कोणी फारसें बोललें नाहीं. पेसमेकरनें एकही ठोका चुकविला नाहीं.

पण खरा धडा आम्हांला पुढें सांगलीसच मिळाला. श्रावणांत अण्णांचा गुडघा धरला. जवळच्या एका उपचारकेंद्रांत त्यांना शेक घेण्याकरितां नेलें. तेथील मुलानें मोठ्या आपुलकीनें विजेच्या शेकाचें यंत्र जवळ ओढलें, आणि तो तें चालूं करणार इतक्यांत सूनबाईंनीं त्याचा हात धरिला. त्या यंत्राला डायाथर्मी म्हणतात. ज्याच्या शरीरांत अशा तारा आहेत त्याला ही डायाथर्मी कोठेंही, अगदीं गुडघ्यावरही, देऊं नये, असा स्पष्ट निषेध आहे. कारण तिची शक्ति तारेंत शिरून टोंकाशीं उष्णता उत्पन्न करते, आणि तें टोंक मेंदूंत असतें. यामुळें रुग्णाच्या मेंदूला भयंकर इजा झाल्याचीं उदाहरणें नमूद आहेत. त्या मुलाला दोष देण्यांत अर्थ नाहीं. अण्णांच्या सदऱ्याआड काय आहे हें त्याला कोणी सांगितलें नव्हतें, आणि त्यानेंही विचारलें नव्हतें. सूनबाईंनीं रुग्णालयांतून मिळालेली सूचनापत्रिका स्वयंपाकघरांत दिनदर्शिकेशेजारीं चिकटविली होती, म्हणून अनर्थ टळला.

त्यावरून आमच्या भगिनींसाठीं ही लहानशी यादी देतों. यंत्र एक असो वा दोन, ती उपयोगीं पडेल.

दोन्ही यंत्रांचीं ओळखपत्रें रुग्णाच्या खिशांत असावीं, आणि त्यांची प्रत घरांत सर्वांना ठाऊक असलेल्या जागीं असावी. कोणत्याही डॉक्टराकडे, दंतवैद्याकडे किंवा शेकाला गेल्यावर पहिलें वाक्य यंत्रांविषयीं बोलावें. कोणतीही शस्त्रक्रिया असेल तर शल्यवैद्याला आधीं सांगावें, म्हणजे रक्त थांबविण्याचें विजेचें उपकरण तो बेतानें वापरील. कातडीवर चकत्या चिकटवून दुखणें शमविण्याचें जें टेन्स नांवाचें लहान यंत्र घरपोंच मिळतें, तें हृदयाच्या डॉक्टराला विचारल्यावांचून वापरूं नये. दोन यंत्रें असतां एमआरआय काढावयाचा तर दोहोंचेही नियम जुळले पाहिजेत. एकाला चालतो म्हणून दुसऱ्याला चालेल असें नाहीं. ईसीजी काढतांना मेंदूच्या यंत्राच्या ठोक्यांनीं आलेख काट्याकुट्यांसारखा दिसतो. तेव्हां काढणाऱ्याला आधींच सांगावें, म्हणजे तो घाबरणार नाहीं व आपल्यालाही घाबरविणार नाहीं. मोबाईल छातीवरच्या खिशांत ठेवूं नये. डबीपासून १५ सेंटिमीटर दूर असावा. लोहचुंबकाच्या शेगडीपासून, म्हणजे ज्याला इंडक्शन म्हणतात त्यापासून, छाती ६० सेंटिमीटर लांब ठेवावी. घेरी, छातींत धडधड किंवा कंपांत एकाएकीं फरक जाणवल्यास वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

आणखी एक गोष्ट, जी बोलावयास जड वाटते. देहावसानानंतर दहनापूर्वीं हीं यंत्रें काढून घ्यावीं लागतात. अग्नींत बॅटरीचा स्फोट होतो. त्या वेळीं घर दुःखांत बुडालेलें असतें आणि कोणाला सुचत नाहीं. म्हणून घरांतील एका जाणत्या माणसानें हें आधींच ध्यानांत ठेवलें पाहिजे.

मिरजेस १८९४ सालीं डॉ. वानलेस यांनीं रुग्णालय काढलें, तेव्हां या बाजूचे लोक शस्त्रक्रियेच्या नांवानें बिचकत असत. आणि आतां त्याच परिसरांतला एक वृद्ध शिक्षक छातींत दोन डब्या घेऊन कृष्णेच्या घाटावर फिरतो. विद्या एवढी पुढें गेली. परंतु त्या विद्येला शेवटीं घरांतल्या एका डोळस माणसाची जोड लागते, हें या प्रकरणांत आम्हीं पाहिलें.

गेल्या पंधरवड्यांत आम्ही सांगलीस गेलों होतों. अण्णांचा आवाज पूर्वीसारखाच बारीक आहे, आणि उठतांना वहिनींचा हात लागतो. पण सकाळीं ते पाटावर बसले, पळींत पाणी घेतलें, आणि हात किंचित् हलला तरी पाणी ओठांपर्यंत पोंचलें. आक्का दारांत उभ्या राहून पाहत होत्या. त्या आम्हांला म्हणाल्या, "दोन तलवारी राहिल्या रे म्यानांत. पण म्यान सांभाळणारें माणूस हवें."

आम्हीं सूनबाईंकडे पाहिलें. त्या स्वयंपाकघरांत दिनदर्शिकेवर पुढच्या तपासणीच्या तारखेभोंवतीं खूण करीत होत्या.